पाटाच्या वरची जमीन

मराठीत ‘कालवा’ ह्या एका उच्चारात दोन अर्थ नांदतात: पाण्याचा पाट आणि गलबला. आजोळी आम्ही पोरांनी दंगा मांडला की आजी ओट्यावरून ओरडायची, ‘काय कालवा लावलाय रे!’ आणि आमच्यातला एखादा वात्रट हमखास शेताखालच्या कालव्याकडे बोट दाखवायचा. दोन्ही शब्दांचे मूळ एकच की वेगवेगळे, हे कोशकारांनी ठरवावे. मला त्यांच्यातला विरोध तेवढा पुरतो. गेली सहा वर्षे सुटीच्या दिवशी पहाटे मी ज्या वाटांनी सायकल चालवते त्या कालव्यांच्या वाटा आहेत, आणि नाशिकच्या आसपास त्यांच्याइतक्या कमी कालव्याच्या वाटा दुसऱ्या नाहीत.

शहरापासून निघायचे तर गंगापूर धरणाचा डावा कालवा. मखमलाबादच्या अंगाने तो म्हसरूळकडे आणि पुढे आडगावकडे जातो. त्याच्या काठाने जीप जाईल एवढ्या रुंदीची मुरमाची वाट आहे. सरकारी भाषेत तिला सेवापथ किंवा निरीक्षणपथ म्हणतात. गावात नुसते ‘पाटावरून’ म्हटले की पुरते. ही वाट कुणाला कुठे पोहोचवण्यासाठी केलेली नाही. कालव्याला कुठे भगदाड पडले आहे का, दारे नीट बसतात का, कुणी पाइप टाकून पाणी ओढते आहे का, हे पाहत पाटबंधारे खात्याच्या माणसाला जाता यावे, एवढाच तिचा हेतू. म्हणून ती गावांना बगल देत, शेतांच्या माथ्यावरून, आपल्याच तंद्रीत चालत राहते. ज्याला घाई आहे तो तिच्यावर येत नाही. गवताचा भारा लादलेली एखादी मोटारसायकल, शेळ्यांचा कळप, तारेवरचा खंड्या आणि आपण.

युरोपातल्या कालव्याकाठच्या वाटांची जन्मकथा निराळी आहे. तिथले कालवे मुख्यतः नौकांसाठी खोदलेले. दक्षिण फ्रान्समधला कॅनाल द्यू मिदी १६८१ साली पुरा झाला. त्यावरच्या नावा काठावरून चालणारे घोडे दोराने ओढत. घोडे गेले, वाट उरली आणि तिच्यावर सायकली आल्या. आपल्याकडे दख्खनच्या कालव्यांत नावा नव्हत्याच. आपली वाट घोड्याच्या टापांनी नव्हे, तपासणीच्या फेऱ्यांनी मळली. त्यामुळे तिच्यावरून जाताना कुणीतरी आपल्याकडे किंचित संशयाने पाहणार, हे गृहीतच धरावे लागते. ‘मॅडम, तुम्ही इरिगेशनच्या का?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की आता मी थांबून, नाही, मराठीची प्राध्यापक आहे, असे सांगते. त्यावर समोरच्याचा चेहरा निवळतो. मराठीच्या प्राध्यापकापासून कुणाच्या पाइपाला काय धोका असणार?

अशा खडीच्या, मुरमाच्या वाटांवर चालणाऱ्या सायकलीला हल्ली ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण टायर जाड, चाळीस मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यांत हवा बेताची, म्हणजे खडे टायरच गिळतो, मनगटांपर्यंत येऊ देत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावाभोवतालच्या खडीच्या रस्त्यांवर २००६ साली दोनशे मैलांची एक शर्यत सुरू झाली आणि बघता बघता हा प्रकार जगभर पसरला. २०२२ मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. हे सारे वाचून मी सायकल घेतली आणि पहिल्याच महिन्यात पाटावर मला एक दूधवाला भेटला. काळी, उंच, दुहेरी नळीची सायकल, दोन्ही बाजूंना किटल्या. माझ्यापेक्षा निवांत आणि माझ्याइतक्याच वेगाने तो त्या मुरमावरून गेला. त्याची सायकल ग्रॅव्हल बाइकच होती, फक्त हे तिला कुणी सांगितलेले नव्हते. एक फरक मात्र नोंदवायला हवा. पाटाच्या काठी सराटा माजतो; त्याचे काटे टायरला शिवल्याशिवाय सोडत नाहीत. माझ्या टायरमध्ये छिद्र आपोआप बुजवणारे द्रव असते. त्याच्याकडे ठिगळे होती.

नाशिकला सायकलीचा लौकिक आहे. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत जोडीने पूर्ण केली, आणि २०१७ मध्ये नाशिकला असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ हे ती एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्या पराक्रमाशी माझे नाते अभिमानापुरतेच. त्या परंपरेचा रस्ता डांबरी आहे, महामार्गाचा आहे. चाळिशी ओलांडलेल्या बाईला पहाटे साडेपाचला आग्रा रोडवर ट्रकच्या शेजारून सायकल चालवताना कशाची भीती वाटते आणि निर्मनुष्य पाटावर कशाची, याची तुलना मी अनेकदा केली आहे. दोन्ही भीती खऱ्या आहेत. पण ट्रकचालकाला मी दिसत नाही आणि पाटावर मी सगळ्यांना दिसते. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर द्राक्षबागेतल्या बाया हात करू लागल्या, तेव्हा हे दिसणे मला आधाराचे वाटू लागले.

सायकलीवरून कालव्याची पहिली ओळख पटते ती मांड्यांना. इथे चढ नाही. कालवा आखताना अभियंता त्याला अगदी मोजका उतार देतो, किलोमीटरमागे वीतभर म्हणावा इतका, जमीन आणि आकार यांप्रमाणे कमी-अधिक. उतार जास्त झाला तर पाणी काठ खरवडते. कमी झाला तर गाळ बसतो. हा वीतभर उतार सांभाळण्यासाठी कालवा काय काय करतो, हे पाहण्यासारखे असते. टेकडी आली की वळसा. खोलगट भाग आला की मातीचा भराव. ओढा आला तर त्याच्या डोक्यावरून जलसेतू, नाहीतर त्याच्या तळाखालून नळ. नळात एका बाजूने बुडी मारलेले पाणी दुसऱ्या बाजूला आपोआप वर येते. (मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत सहायक अभियंता म्हणून प्रथम आले ते नाशिकला, आणि पुढे धुळ्याला पांझरेखालून पाणी नेणारा असाच नळ त्यांनी बसवला. आपल्याकडे त्यांचे नाव म्हैसूरशीच जोडतात, म्हणून ही आठवण.) दोन गावांमधले सरळ अंतर चार किलोमीटर असेल, तर कालव्यावरून ते सहज सहा-सात भरते. एकाच उंचीवरून डोंगराच्या पोटाशी लागून जाणारी ही रेघ नकाशावर पाहिली तर वेलांटीसारखी दिसते.

ही रेघच माझ्या लिहिण्याचे कारण आहे. म्हसरूळच्या दिशेने जाताना डावीकडे चामरलेण्यांचा डोंगर असतो आणि उजवीकडे, खाली, गोदावरी. पाणी उताराने जाते, म्हणून कालव्याचे लाभक्षेत्र त्याच्या एकाच बाजूला असते: कालवा आणि नदी यांच्यामध्ये. डाव्या कालव्यावरून पाण्याच्या दिशेने निघालात की उजव्या हाताला ओल आणि डाव्या हाताला माळ. मध्ये दहा-पंधरा फुटांचे पाणी आणि सायकलीची वाट. आता उपसा आला, पाइप आले, शेततळी आली, शहराचे प्लॉटही आले, तेव्हा हा भेद पूर्वीइतका सुरीने कापल्यासारखा राहिलेला नाही. तरी उन्हाळ्याच्या तोंडी, आवर्तन सुरू असताना, तो अजून दिसतो. एका बाजूला खरड छाटणी झालेल्या बागेला फुटलेली कोवळी पालवी, दुसऱ्या बाजूला रुई आणि वेडी बाभूळ.

आमच्या आजोळची जमीन पाटाच्या वर होती.

निफाड तालुक्यातले ते गाव. निफाड म्हटले की लोकांना गहू आठवतो, द्राक्षे आठवतात, तालुक्याला ‘महाराष्ट्राचे कॅलिफोर्निया’ म्हणण्याची रीतही होती. पण तालुका हिरवा असला म्हणून त्यातला प्रत्येक बांध हिरवा नसतो. कालवा आमच्या शेताच्या खालच्या कडेने गेला. जी खालची पट्टी काळी, ओल धरणारी होती, ती पाटात गेली. उरले ते सगळे पाटाच्या वर. किती वर? मामा म्हणतो, दीड पुरुष. म्हणजे एक माणूस उभा केला आणि त्याच्या खांद्यावर एक पोर बसवले, एवढ्या उंचीने आमचे घर बागाईतदार व्हायचे राहिले. त्याच पाटाच्या खोदाईवर आजोबांनी रोजंदारीने माती वाहिली होती.

जुन्या जमाबंदीच्या भाषेत बागाईत जमिनीचे दोन प्रकार असत, पाटाचे पाणी मिळणारी ती पाटस्थळ आणि विहिरीच्या मोटेवर भिजणारी ती मोटस्थळ. बाकी सगळी जिरायत. आमची जिरायत. आई सांगते, तिच्या लग्नाच्या बोलण्यांत मुलाकडच्यांची जमीन पाटाच्या वर की खाली हा प्रश्न पगाराइतक्या गांभीर्याने विचारला गेला. (पाटावर बसायचे की पाटाखाली, अशी कोटी करायचा मोह इथे होतो. शिवाय आपल्याकडे ‘पाट लावणे’ म्हणजे विधवेचे किंवा काडीमोड घेतलेल्या बाईचे दुसरे लग्न. एकाच शब्दात बसणे, वाहणे आणि पुन्हा संसार मांडणे! असो.) आजी पाटातून घागरीने पाणी आणून दारापुढच्या मिरच्या, वांगी जगवायची. घागरीला कुणी हरकत घेत नसे. घागरीने शेत भिजत नाही हे खात्यालाही ठाऊक होते. मात्र मागणी अर्ज, तो नमुना सात, भरायचा अधिकार आमच्या घराला नव्हता. लाभक्षेत्राच्या नकाशावर आम्ही रेघेच्या चुकीच्या बाजूला होतो.

मग मामाने नव्वदच्या दशकात एक गोष्ट केली, जी त्या काळात बऱ्याच वरच्या लोकांनी केली. त्याने पाटाच्या खाली, अगदी काठाला लागून, दोन गुंठे जमीन विकत घेतली. दोन गुंठ्यांत पीक काय येणार? त्याने तिथे विहीर खोदली. मातीचा कालवा झिरपतो. वाहते पाणी वाटेत जमिनीत मुरत जाते. आवर्तन सुटले की चार-सहा दिवसांत विहिरीचे पाणी चढू लागे. तिथून मोटार, पाइप, आणि पाइप पाटाच्या खालून पुन्हा वरच्या शेतात. दीड पुरुष उंची वीज चढून गेली. अभियंत्याच्या वहीत ही गळती असते, वहनव्यय असतो, टाळायचा तोटा असतो. माझे मामेभाऊ त्या तोट्यावर शिकले.

वर्गात ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय शिकवताना पाण्याची एक प्रतिमा येते. माळी नेईल तिकडे पाणी निमूट जाते, तसे भक्ताने व्हावे, असा तिचा आशय. ती ओवी मला अतिशय प्रिय आहे आणि अनेक वर्षे मी ती रंगवून शिकवली. काही वर्षांपूर्वी येवल्याकडच्या एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर मला विचारले, ‘मॅडम, पाणी निवांत कुठं जातं? आमच्याकडं बंदोबस्तात येतं.’ येवला पालखेडच्या डाव्या कालव्याच्या शेपटाला आहे. पालखेड धरण दिंडोरी तालुक्यात, आणि कालवा निफाड ओलांडून येवल्यात पोहोचतो. पिण्याच्या पाण्याचे आवर्तन सुटले की वरच्या भागात कुणी ते उपसू नये म्हणून काठावरच्या मोटारींची वीज तोडली जाते, पोलीस आणि कर्मचारी गस्त घालतात. कालव्यात टाकलेल्या चोरट्या पाइपांना आमच्याकडे ‘डोंगळे’ म्हणतात; पाटात तोंड खुपसून बसलेले ते काळे पाइप पाहिले की नाव कुणी ठेवले त्याला दाद द्यावीशी वाटते. त्या मुलाच्या घरी पाणी पोहोचते ते असे, शंभरेक किलोमीटर डोंगळे चुकवत. त्याने ओवीला उत्तर दिले नव्हते. त्याने माळ्याबद्दल विचारले होते. पाणी नेईल तिकडे जाते हे खरेच. नेणारा कोण आणि कुणीकडे, हा प्रश्न ओवीच्या बाहेरचा आहे, आणि साहित्याच्या वर्गात तो आपण सहसा बाहेरच ठेवतो.

ज्याने तो आत आणला तो लेखकही आपल्या अभ्यासक्रमातच आहे. महात्मा फुल्यांच्या १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कालव्याच्या पाण्याचा विचार आहे. सरकार पाणीपट्टी घेते, पण पाणी वेळेवर, पुरेसे मिळते की नाही हे अधिकारी पाहत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. आणि तक्रारीशी न थांबता ते उपाय सांगतात की पाण्याचे माप ठरवून प्रत्येक शेतकऱ्याला एकेक तोटी करून द्यावी. परीक्षेच्या दृष्टीने ‘असूड’ वाचणारे आपण ही तोटी ओलांडून पुढे जातो, कारण तिच्यावर दहा गुणांचा प्रश्न येत नाही.

ती तोटी शोधायची तर ओझरला जावे. नाशिकपासून वीसेक किलोमीटर. आग्रा रोडचा तेवढा तुकडा सोसला की पुढे चाऱ्यांचे जाळे लागते. डोक्यावर मध्येच लढाऊ विमान गर्जत जाते, कारण १९६४ पासून इथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. विमान गेल्यावर पुन्हा टिटवी. वाघाड धरण वर दिंडोरी तालुक्यात आहे आणि ओझर त्याच्या कालव्याच्या शेपटाला. धरण झाल्यावर बरीच वर्षे शेपटाला पाणी जवळजवळ येतच नव्हते. १९९०च्या दशकाच्या आरंभी समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी इथल्या शेतकऱ्यांना एकत्र आणून पाणीवापर संस्था उभ्या केल्या. खात्याकडून पाणी घनमापाने मोजून घ्यायचे, आपसांत आपण वाटायचे, पट्टी आपण गोळा करायची. त्या पहिल्या संस्थांपैकी एकीचे नाव महात्मा फुले. नाव ठेवणाऱ्यांनी ‘असूड’मधली तोटी वाचली होती की नाही, याची मला चौकशी करावीशी वाटली नाही, नाव ठेवले, मापही मिळवले. पुढे संपूर्ण वाघाड प्रकल्पावर अशा २४ संस्था झाल्या आणि सिंचनाचे व्यवस्थापन त्यांच्या हाती आले. शेतकऱ्यांच्या व्यवस्थापनाला आधार देणारा राज्याचा कायदा २००५ सालचा, म्हणजे ओझरची माणसे कायद्याच्या बरीच पुढे होती.

त्यांनी आणखी एक शहाणपण केले, आणि ते मला मामाच्या विहिरीमुळे चटकन कळले. बाणगंगेवरच्या बंधाऱ्यांत पाणी अडवून त्यांनी विहिरी भरून घेतल्या, आणि पाझराने भरणाऱ्या विहिरींचे पाणीही हिशेबात धरले. पाट आणि विहीर ही दोन वेगळी खाती नाहीत, असे त्यांनी मानले. एका वृद्ध सभासदाने मला चारीच्या तोंडाशी नेऊन मोजपट्टी दाखवली. सिमेंटच्या अरुंद गळ्यातून पाणी जाते, त्याची उंची पट्टीवर वाचायची, कोष्टकात पाहिले की सेकंदाला किती लिटर ते कळते. ‘ताई, पूर्वी आम्ही पाण्यासाठी भांडायचो, आता या पट्टीवरच्या आकड्यासाठी भांडतो,’ ते म्हणाले. ‘आकड्याचं भांडण बसून करता येतं.’

आपल्या ललितगद्यात नदी भरपूर आहे, पाऊस तर विचारूच नका, विहीरही आहे. धरणात बुडालेल्या गावांवर विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ आहे. कालवा मात्र फारसा नाही, निदान मला आठवत नाही. आला तर संध्याकाळी वाहणारी एक रूपेरी पट्टी म्हणून येतो. याचे कारण मला असे वाटते की कालवा पुरता निसर्ग नाही आणि पुरती संस्थाही नाही. निसर्ग म्हणून वर्णन करायला गेले तर त्यात खाते दिसते आणि खाते म्हणून लिहायला गेले तर खंड्या मध्ये येतो. सायकलीवरून मला दोन्ही एकदम दिसतात, आणि दोहोंपैकी एक डोळ्याआड करणे मला खोटेपणाचे वाटते. बाभळीच्या पाण्यावर वाकलेल्या फांदीला सुगरणीची घरटी असतात. त्याच बाभळीला डोंगळ्याची तार बांधलेली असते. नांदूर मध्यमेश्वरला हे सर्वांत ठळक दिसते. गोदावरी-कादवा संगमाजवळचा तो बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी कालव्यांत पाणी वळवण्यासाठी बांधला. दुष्काळापासून संरक्षण हा त्या काळच्या दख्खनी कालव्यांचा जाहीर हेतू, आणि पाणी पुष्कळसे गेले उसाला. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, पाणकणीस माजले आणि पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य, २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. आपण दुर्बिणी घेऊन ज्या निसर्गाकडे जातो तो साठवणक्षमतेच्या तक्त्यात घट म्हणून लिहिलेला असतो.

या वाटा किती दिवस राहतील, सांगवत नाही. नाशिक शहरात ‘कॅनॉल रोड’ आहे. त्या नावातला कॅनॉल केव्हाच आटला, आता तिथे वाहते ती वाहतूक. खेड्यांतही उघड्या चाऱ्यांच्या जागी बंद नलिका घालण्याकडे कल वाढला आहे. तिचे समर्थन सोपे आहे: पाणी झिरपणार नाही, बाष्प होणार नाही, डोंगळे लागणार नाहीत, शेपटाला दाबाने पोहोचेल. येवल्याच्या त्या विद्यार्थ्याच्या घरासाठी मी याच्या विरोधात एक शब्द बोलू शकत नाही. पण मामाला मी हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘मग माझी विहीर कशानं भरायची?’ पाट पुन्हा एकदा आमच्या खालून जाईल, या वेळी न झिरपता. आणि नलिकेला रोजच्या फेरीची वाट लागत नाही, वर माती ओढून लोक पेरणी करतील. माझ्या सायकलीची वाट हा या सगळ्यातला सर्वांत हलका मुद्दा आहे, हे मला पुरते ठाऊक आहे. तरीही तो मुद्दाच नाही असे मी म्हणणार नाही. जिथून वरचा माळ आणि खालची बाग दोन्ही एकाच वेळी दिसतात, अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

गेल्या माघात मी एक चारी अगदी शेवटापर्यंत गेले. मुख्य कालव्याची वाट जीपची असते, फाटा फुटला की बैलगाडीची, चारीवर आल्यावर पायवाटेची. पाण्याचेही तसेच, आधी छाती बुडेल एवढे, मग गुडघाभर, मग पावलाएवढे. कांद्याच्या एका वाफ्याच्या तोंडाशी पाणी थांबले होते. वाफ्यात एक बाई फावडे घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले, सायकलीकडे पाहिले, आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाली, ‘पुढं वाट नाही, ताई. आणि ते चाक जरा मागं घ्या, दंड फुटंल.’